आठवड्यातून दोन भट्ट्या

बलदियाच्या मुदीरने मला फसवलं. भट्टीवाल्या मुरादने नव्हे. तो गप्प बसला आणि फायदा घेऊन गेला, एवढंच. फसवलं मुदीरने, भर कचेरीत, कॉफी पाजून, माझ्याच सहीने.

बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका आणि मुदीर म्हणजे तिचा मोठा साहेब. गावाचं नाव मी लिहीत नाही. माझा पुतण्या अजून तिथे दुकान चालवतो आणि त्याला तिथेच राहायचं आहे. आखाताच्या किनाऱ्यावरचं, खाडीच्या तोंडाशी वसलेलं एक बंदर, इतकं पुरे. सालं साठनंतरची. सात शेखांचे सात मुलूख होते, त्यांचा एक देश अजून व्हायचा होता. बाजारात रुपयाच चालायचा, आपल्यासारखाच, फक्त नोटेचा रंग वेगळा.

आज सकाळी बाबू धाडवे येऊन गेला. आमच्या घराच्या खालच्या अंगाला त्याचे भाताचे दोन कोपरे आहेत. दारातूनच त्याने विचारलं, "चाचा, राब लावू का? वारं खाडीकडं आहे."

"लाव," मी म्हणालो.

तो गेला. थोड्या वेळाने खालून धूर दिसू लागला. भाजावळीचा हंगाम आला की आमच्या सगळ्या उतारांवरून असे धूर उठतात. कवळ, म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब. मग त्यावर भाताच्या रोपांचा तरवा होतो. हा धूर पांढुरका असतो, त्याला मातीचा वास असतो, आणि तो तासाभरात विरून जातो. बाबूने विचारायचं काही कारण उरलेलं नाही. तो माझ्या बायकोसाठी विचारायचा. हमीदाला जाऊन दोन वर्षं झाली. पण इतकी वर्षं तो विचारत आला, आता न विचारता काडी ओढायची त्याला चुकल्यासारखं वाटत असावं. त्याला कुठल्या कचेरीने हे शिकवलेलं नाही. त्याच्या हातात कसला कागद नाही.

तो धूर बघत मी पडवीत बसलो आणि दुसराच धूर नाकात आला. रबराचा. जळक्या तेलाचा.

मी सतराव्या वर्षी लाँचमधून त्या बंदरावर उतरलो. पहिली दोन वर्षं खांद्यावरून वासे वाहिले. आफ्रिकेहून गलबतं भरून यायचे ते, आपल्या कांदळासारख्या झाडाचे, चंदल म्हणतात. तिथल्या घरांची छतं त्याच वाशांवर उभी असत. वाहता वाहता मला वासा कळू लागला. ठोकला की आवाजावरून सांगायचो, आत कीड आहे की नाही. मग मी विकू लागलो. दहा वर्षांत माझी स्वतःची वखार झाली. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा त्या बाजारात कोणी नव्हता, हे मी नाही म्हणत, बाजार म्हणायचा. नाखवे मला बघून तोंड फिरवायचे. "आला रत्नागिरीवाला, आता अर्धा दिवस गेला," असं एकाने माझ्या देखत म्हटलेलं आहे.

हमीदा माझ्या मागून पुष्कळ वर्षांनी आली. त्या काळात बायकोला तिकडे नेणारे आमच्यात थोडेच. मी नेलं ते तिच्या छातीसाठी. लहानपणापासून तिला दमा. इथे जून लागला की भिंतींना ओल, गाद्यांना बुरशी, आणि ती उशा रचून बसून रात्र काढणार. तिकडे ना असा पाऊस, ना भिंतींना ओल. पहिली तीन वर्षं तिला एकदाही धाप लागली नाही. दोन दोन हंडे पाणी घेऊन ती जिना चढायची आणि वर पोचल्यावर मला ऐकवायची, "बघा, तुमच्यापेक्षा माझा दम मोठा."

घरही मी तिच्यासाठी तसंच शोधलं होतं. समुद्रातल्या दगडाचं, जाड भिंतींचं, आणि वर हवेचा बुरूज असलेलं. हा बुरूज ज्याने पाहिला नाही त्याला सांगतो. छतावर चारी बाजूंनी उघडा असा चौकोनी मनोरा असतो. वारा कुठूनही येवो, मनोरा त्याला पकडतो आणि खाली खोलीत आणून सोडतो. उन्हाळ्यात दुपारी त्याच्याखाली चटई टाकून पडलं की अंगावर जणू कोणी पंखा धरलाय. हमीदाची चटई कायम तिथेच.

चौथ्या साली थंडी सरत आली तेव्हा मुरादने समुद्राच्या बाजूला, वाळूच्या टेकाडामागे भट्टी घातली. समुद्रातून काढलेला दगड भाजून चुना करायचा. गावात बांधकामं जोरात होती. बलदियाचीच मासळीबाजाराची नवी इमारत उभी राहत होती. तिला चुना मुरादचा आणि छताला वासे माझे. जळण म्हणून आधी खजुराच्या झावळ्या होत्या, पण त्या कुठवर पुरणार? गावात मोटारी वाढल्या होत्या, इंजिनं आली होती. मुरादला जुने टायर फुकट मिळू लागले. इंजिनातून काढलेलं काळं तेल पिंपांनी मिळू लागलं.

दिवसा वारा समुद्रावरून येतो. माझ्या बुरुजाने त्याला इमानाने पकडला आणि खाली आणून हमीदाच्या अंगावर सोडला.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "कोणाचं तरी काही करपलंय." दुसऱ्या दिवशी चहाला तो वास. वाळत घातलेल्या माझ्या सदऱ्यावर बारीक काळे कण, झटकायला गेलं की तेलकट ओरखडा उठायचा. तिसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले. तीन वर्षांत मी ती बसण्याची तऱ्हा विसरलो होतो. मग चार दिवस हवा स्वच्छ गेली, ती पुन्हा उठून कामाला लागली. पुन्हा तीन दिवस धूर. असं दीड महिना चाललं. मी बोटांवर मोजत होतो: आठवड्याचे तीन दिवस भट्टी, चार दिवस सुट्टी.

शेजारच्या उम्म सालेम नावाच्या म्हाताऱ्या बाईने हमीदाला मधात कालवलेलं काहीतरी चाटायला दिलं आणि हातवारे करून मला सुनावलं. बायकांची भरभर अरबी माझ्यापेक्षा हमीदाला जास्त कळायची, तिने अर्थ सांगितला. "म्हणते, तुझा नवरा बाजारात एवढा ओरडतो, मग तिकडे जाऊन का ओरडत नाही?"

गेलो. कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा बसायचा, त्याच्याकडून अरबीत अर्ज लिहून घेतला. मुदीर माझ्याच वयाचा, पस्तिशीतला. स्वच्छ पांढरा झगा, बोलणं मऊ. मुंबईला त्याचं कायम जाणं होतं, हिंदी फर्डं बोलायचा. अर्ज वाचून तो म्हणाला, "सेठ, नालीचं पाणी रस्त्यावर सोडलं तर माझ्याकडे कायदा आहे. दुकानाजवळ झावळ्यांची झोपडी बांधली तर कायदा आहे. विहिरीसाठी आहे, कुत्र्यासाठी आहे. धुआँ का कायदा नहीं है."

"मग करा," मी म्हणालो.

तो हसला. "करू, इन्शाल्ला. तोपर्यंत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत करार झाला तर तो मी लिहून घेईन, मोहर मारीन आणि पाळायला लावीन. उद्या मुरादला बोलावतो. तुम्हीही या."

आता खरं लिहितो, कारण खोटं लिहून उपयोग नाही. मला भट्टी बंद व्हायला नको होती. चुना थांबला तर भिंती थांबतील, भिंती थांबल्या तर माझे वासे कोण घेईल? मला धूर कमी हवा होता. कमी म्हटलं की माझ्यातला व्यापारी जागा झाला. रात्री नीट झोप आली नाही. दुःखाने नव्हे, उद्या कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं याच्या हिशेबाने.

दुसऱ्या दिवशी मुराद आला. जाडजूड, भुवयांवरसुद्धा चुन्याची पांढरी पूड. कॉफी आली. मी आकडा टाकला: "एकही भट्टी नको. गावापासून तीन मैल लांब ने."

मुराद छातीवर हात ठेवून म्हणाला, "रोज एक लावीन. जागा मला शेखसाहेबांनी दिलेली आहे."

"रोज? माझी बायको मरते तिकडे!"

"अल्ला शिफा देवो. सहा."

"एक."

"पाच. सेठ, मला मजूर पोसायचेत."

मी उठलो, दारापर्यंत गेलो. हे माझं जुनं हत्यार. मुदीरने मला हाताला धरून परत बसवलं. "यल्ला, सेठ, बैठो. मुराद, तूही माणसासारखा बोल." मुराद चारवर आला. मी माझ्या बोटांवरचे तीन दिवस मनात धरून बसलो होतो. तीनच्या खाली जे मिळेल तो माझा नफा. अर्ध्या तासाने तो दोनवर आला तेव्हा मी कपाळावर आठी ठेवली, पण आतून मी नाचत होतो. आठवड्यातून दोन भट्ट्या! तीनच्या दोन केल्या मी!

मुदीरने दोघांकडे पाहिलं. "दो? पक्का?"

"पक्का," मी म्हणालो.

"खलास." त्याने लिहिलं, वाचून दाखवलं: शेजाऱ्याच्या संमतीने मुरादला आठवड्यातून दोन भट्ट्या लावण्याचा परवाना, एका वर्षासाठी. मी सही केली. मोहर उमटली. मुरादने माझ्याशी हात मिळवला. त्याचा चुना माझ्या तळव्याला लागला.

मी हलवा घेऊन घरी गेलो. हमीदाने सगळं ऐकून घेतलं. "तीनाचे दोन झाले म्हणता. म्हणजे एकच दिवस गेला ना हो माझा?"

"अगं, तो सातवर बसला होता! मी खाली आणलाय."

"बरं," ती म्हणाली. "हलवा छान आहे."

पुढच्या आठवड्यात धूर लागला तो तीन दिवस गेला नाही. मग एक सकाळ मोकळी मिळाली. दुपारपासून पुन्हा धूर, पुन्हा तीन दिवस. मी पेटलो. करार मोडला म्हणून ओरडत टेकाडामागे गेलो. इतक्या दिवसांत मी तिथे पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो, हे सांगायला मला अजून लाज वाटते. मुराद नव्हता. एक बलुची भट्टीत टायर ढकलत होता, तोंडाला फडकं बांधून. मी विचारलं, आठवड्यात किती वेळा पेटवली?

"दो दफा, सेठ. हुकूम दो का है."

"खोटारड्या! सहा दिवस धूर आहे!"

त्याने फडकं खाली केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कुजका वासा चांगला म्हणून उचलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो. "एक दफा आग लगी तो तीन दिन, तीन रात. पत्थर है, सेठ. बुझाओगे तो सब कच्चा."

मी वाळूत बोटाने हिशेब मांडला, बे त्रिक सहा.

आमच्या खाडीत शिंपल्यांचा चुना करतात. माझे आजोबा करायचे. तिन्हीसांजेला शिंपले आणि कोळसा रचून पेटवायचं, भात्याने वारा घालायचा, पहाटे चुना तयार. एक भट्टी म्हणजे एक रात्र. माझ्या हाडात हे इतकं मुरलेलं होतं की दुसरं काही असू शकेल हा प्रश्नच मला पडला नाही. तीन दिवसांचा धूर म्हणजे तीन भट्ट्या असं मी धरून चाललो. तो आठवड्याला एकच लावत होता. एकाच्या दोन मी करून दिल्या. मुरादला त्यासाठी काही युक्तीही करावी लागली नाही. मीच अर्धा तास भांडून, दारापर्यंत जाऊन, परत येऊन हमीदाच्या चार मोकळ्या दिवसांतले तीन देऊन टाकले.

घासाघीस कशाची करावी आणि कशाची करू नये, हे मला कोणी शिकवलं नाही. वाशाला मालक असतो, विहिरीला असतो, समुद्रात मोत्यांच्या जागांनासुद्धा वाटेकरी असतात. हवेचा मालक कोण? मी मालकासारखा तिच्यासाठी बोली लावत बसलो आणि त्यामुळेच ती मुरादची झाली. त्या कचेरीत मी गेलोच नसतो तर त्याच्याकडे परवाना नसता, आणि हवा कोणाचीच राहिली असती.

कचेरीत पुन्हा गेलो. मुदीरने कागद काढला, शांतपणे वाचला. "सेठ, करार पाळला जातोय. दोनच लागतात."

"पण एक भट्टी तीन दिवस जळते!"

"हां," तो म्हणाला. जसं काही मी त्याला सांगत होतो की समुद्र खारट असतो. "वर्ष संपलं की नवा करार करू. इन्शाल्ला."

माझ्या हातात कॉफीचा पेला होता, तो मी भिंतीवर फेकला. शिव्या दिल्या, मराठीत, पण शिव्यांना भाषा लागत नाही. दोन शिपायांनी मला बाहेर आणलं. त्यानंतर त्या कचेरीत मला कोणी बसायला सांगितलं नाही.

उन्हाळा चढू लागला. बुरुजाच्या चारी तोंडांत आम्ही गोणपाट कोंबलं. मग खोली भट्टीसारखी तापायची. गोणपाट काढलं की धूर, कोंबलं की घुसमट. हमीदा कधी काढा म्हणायची, कधी घाला. मी शिडीवर चढउतार करायचो. सगळ्या बाजाराला वाकवणारा मी, दिवसभर शिडीवर, हातात गोणपाट. एकदा वरून बघितलं तर धूर काळ्या पट्ट्यासारखा सरळ माझ्याकडे येत होता आणि त्याच्या पलीकडे निळं पाणी, स्वच्छ. खालून तिचा आवाज आला, "अवो, या खाली. वाऱ्याशी पण भांडाल तुम्ही." हसता हसता तिला ठसका लागला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

डॉक्टरने दोन वाक्यं सांगितली. भट्टी हलवा नाहीतर बाईंना हलवा. भट्टी माझ्या सहीने वर्षभर तिथेच होती.

दुसरं घर का नाही घेतलं, असं पुतण्या विचारतो. गाव केवढं? दगडी घरं सगळी त्याच पट्ट्यात, आणि मे महिन्यात झोपडीत तिला ठेवणार कसा? आगबोटीने मी तिला परत पाठवलं, पावसाच्या तोंडावर, त्याच ओल्या भिंतींत, जिथून मी तिला सोडवून नेलं होतं. धक्क्यावर ती म्हणाली, "वर्ष काय, असं जाईल." वर्ष संपलं तेव्हा मुरादच्या तीन भट्ट्या झाल्या होत्या आणि त्यांच्या परवान्यांवर दुसऱ्या शेजाऱ्यांच्या सह्या होत्या. तिची छाती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. ती परत तिकडे आली नाही. आम्ही नवराबायको म्हणून एका छपराखाली राहिलो ती चार वर्षं, आणि नंतर मी म्हातारा होऊन परतलो तेव्हाची. मधली वर्षं पत्रांत गेली. तिच्या पत्रांत भाजावळीच्या दिवसांत एक ओळ हटकून असायची: बाबू आला होता, विचारून गेला.

शेवटच्या आजारपणात तिने एकदा मला विचारलं. उशांना टेकून बसली होती, खिडकीतून बाहेर बघत. "त्या साहेबाला ठाऊक होतं का हो?"

"काय?"

"की तीन दिवस जळते."

"असेल. तिथलाच जन्म त्याचा."

"असेल काय? तुम्ही विचारलं नाहीत?"

मी विचारलं नव्हतं. पेला फेकला, शिव्या दिल्या, पण हा एक प्रश्न विचारला नाही. आधी राग होता. राग उतरला तेव्हा दार बंद झालं होतं. ती आता टोमणा मारील असं वाटलं, मारला नाही. श्वास पुरवून वापरायचा होता तिला.

कधी कधी मला वाटतं, त्याला ठाऊक असेल पण मला ठाऊक नाही हे त्याला ठाऊक नसेल. वाशांचा एवढा मोठा व्यापारी, याला भट्टी कळत नसेल असं त्याच्या मनातही आलं नसेल. मग त्याने फसवलं असं म्हणता येणार नाही. मग कोण उरतं, ते मला दिसतं. मग मी उठून पडवीत फेऱ्या मारतो. पण "दो? पक्का?" असं त्याने विचारलं होतं. कशाला विचारलं? ज्याला काही खटकलं नाही तो दुसऱ्यांदा विचारतो का?

मुदीरसाहेब, तुम्ही हयात असाल तर माझ्यासारखेच म्हातारे असाल. तुम्हाला मराठी येत नाही, पण माझा पुतण्या हे वाचील आणि तुमच्या घरी कोणाला तरी सांगील. गाव केवढं आहे? हा प्रश्न माझा नाही, माझ्या बायकोचा आहे, आणि ती उत्तराशिवाय गेली. लिहून घेतलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं का? इन्शाल्ला नको. वर्ष संपल्यावर नको. हो किंवा नाही, ते सांगा.